सवलत कार्डाची नव्हे, सोबतीची

सूरह निसाच्या 58व्या आयतीत अमानत तिच्या हक्कदाराकडे सोपविण्याची आज्ञा आहे. अमानत म्हणजे केवळ शेजाऱ्याने ठेवावयास दिलेले दागिने नव्हेत. घरातील वडिलांचे दिव्यांग कार्ड हीदेखील अमानतच. एसटी दिव्यांग प्रवाशास भाड्यात 75 टक्के सवलत देते. अपंगत्व 65 टक्क्यांहून अधिक असल्यास सोबतच्या साथीदारासही अर्धेच तिकीट पडते. ‘सोबतच्या’ हा शब्द ध्यानी घ्यावा.

समजा, शिरूरचा मुलगा अंध वडिलांना दौंडला आत्याकडे पोचवून एकटाच परतला. वडिलांचे कार्ड खिशात असले तरी परतीचे तिकीट त्याने पूर्णच काढावे. पुन्हा त्यांना आणावयास जातानाही तेच. त्याचा हेतू सेवेचा आहे, हे खरे. परंतु सवलत हेतूला दिलेली नाही.

दौंड जंक्शनवर दिव्यांगांच्या राखीव डब्यात शिरणाऱ्याची सबब निराळी असते: ‘जागा रिकामीच होती.’ अहो, ती पुढच्या स्थानकावर कुबडी घेऊन उभ्या असलेल्यासाठीच रिकामी असते! खोटेपणाने असे लाभ लाटणाऱ्यास 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत. शरीअतच्या दृष्टीने प्रश्न याहून बिकट आहे. हा हक्कुल इबाद, म्हणजे माणसाचा माणसावरील हक्क. ज्याचा हक्क बुडाला त्यानेच माफ करावयाचा. फलाटावर राहून गेलेल्या त्या माणसाला आपण कोठे शोधणार?

मात्र त्या डब्यात धडधाकट दिसणाऱ्या कोणालाही हटकू नये. मूकबधिरत्व चेहऱ्यावर दिसत नाही, आणि कार्ड तपासण्याचे काम तिकीट तपासनिसाचे आहे.