निनांवी लेखाचा कर्ता कोण?

वहीवरील नांव न पाहतांहि निबंध कोणाचा हें शिक्षकांस पुष्कळदां ओळखतां येतें. पण तेथें हस्ताक्षराचें साहाय्य असतें. छापलेल्या मजकुरांत हस्ताक्षर नाहीं आणि सहीहि टोपणनांवाची, तर कर्ता कसा ओळखावा? अमेरिकेच्या इतिहासांत याचें एक उत्तम उदाहरण आहे.

नव्या राज्यघटनेस न्यूयॉर्कच्या लोकांनीं संमति द्यावी म्हणून १७८७-८८ सालीं ‘पब्लियस’ या टोपणनांवानें ८५ लेख प्रसिद्ध झाले. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन व जॉन जे हे त्यांचे तीन लेखक. हॅमिल्टन १८०४ सालीं द्वंद्वयुद्धांत मारला गेला. त्यानें मागें ठेवलेली यादी आणि मॅडिसननें पुढें दिलेली यादी यांचा मेळ बसेना. १२ लेखांवर दोघांचाहि हक्क! राज्यसत्तेच्या विभागणीवरील प्रसिद्ध ५१ वा लेख त्यांतलाच. घटनेचा अर्थ लावतांना अमेरिकन न्यायाधीश आजहि या लेखमालेचा आधार घेतात. तेव्हां हा वाद केवळ कुतूहलाचा नव्हता.

१९४१ सालीं फ्रेडरिक मोस्टेलर व फ्रेडरिक विल्यम्स यांनीं दोघांच्या वाक्यांची लांबी मोजली. सरासरी आली हॅमिल्टनची ३४.५५ शब्द आणि मॅडिसनची ३४.५९! सारे श्रम व्यर्थ. पुढें मोस्टेलर यांनीं डेव्हिड वॉलेस यांच्यासह क्षुल्लक शब्दांकडे लक्ष वळविलें. ‘युद्ध’, ‘कर’ यांसारखे शब्द विषयाबरोबर बदलतात; परंतु अव्ययें लेखणींतून नकळत उतरतात. (वाचकांनीं आपल्याच जुन्या निबंधांत ‘व’ किती आणि ‘आणि’ किती हें मोजून पाहावें, मौज वाटेल.) ‘वर’ या अर्थाचा ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारें तीन वेळां योजी, मॅडिसनच्या चार-पांच हजार शब्दांत तो जेमतेम एकदां येई. वादग्रस्त लेखांत तर तो जवळजवळ नाहींच. तसेंच, हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिही तेथें मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’ लिही.

आरंभीं ही मोजणी हातानेंच चाले. लांब कागदी पट्टीवर शब्दाखालीं शब्द टंकून त्यांचे तुकडे कापीत व वर्णानुक्रमें लावीत. जवळ कोणी जोरानें श्वास सोडला कीं सारे तुकडे उडत, आणि श्वास सोडणारा कायमचा वैरी ठरे! नंतर संगणक मदतीस आला.

एका शब्दावरून निर्णय देणें धोक्याचें. लेखक एखादे दिवशीं आपली संवय मोडूंहि शकतो. म्हणून त्यांनीं अनेक शब्दांचा पुरावा एकत्र केला, आणि त्यासाठीं अठराव्या शतकांतील इंग्रज पाद्री थॉमस बेझ यांचा संभाव्यतेविषयींचा सिद्धांत उपयोगांत आणिला. १९६४ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला : बाराहि लेख मॅडिसनचे असण्याचा संभव फार मोठा आहे. सर्वांत दुबळा पुरावा ५५ व्या लेखाचा, तरी तोहि मॅडिसनकडेच झुकतो. मात्र या गणितानें दोघांपैकीं कोण एवढेंच सांगितलें. एकानें लिहिलेल्या लेखावर दुसऱ्यानें कोठें हात फिरविला असेल, तर तें या मोजणींतून नीट उमगत नाहीं.