जे पेरले जाते ते अन्न

पाठ : दानीएल १:८–१६ व योहान ६:५–१३



नांदुऱ्याहून मलकापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वडनेर भोलजी हे गाव आहे. तेथील एका ख्रिस्ती घरी प्रार्थनेनिमित्त जाण्याचा आम्हांस योग आला. प्रार्थना आटोपल्यावर घरच्या आजींनी आमच्यापुढे चहा, बिस्किटे व दुकानातून मुद्दाम आणविलेला पाव ठेविला. चुलीवर तर ज्वारीच्या भाकरी होत होत्या आणि त्यांचा वास घरभर पसरला होता. "आजी, ती भाकरच वाढा की," असे आम्ही म्हणालो. तेव्हा त्या लाजून म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमच्यासमोर भाकर कशी वाढू जी?" आम्ही आग्रह केला, मग भाकर, अंबाडीची भाजी व ठेचा असे पान आले आणि आम्ही पोटभर जेवलो. निघतेवेळी मात्र असे दिसले की घरची सून, जिला पाचवा महिना लागला होता, ती चुलीपाशी एकटी बसून चहात पाव बुडवून खात आहे. भाजी संपली होती. ती आम्ही खाल्ली होती.

त्या दिवशीच्या दोन गोष्टी आमच्या मनातून जात नाहीत. एक, आपल्या शेतात पिकणाऱ्या अन्नाची आपणांस लाज वाटू लागली आहे. दुसरी, घरात जे थोडे उत्तम शिजते ते ज्याला अधिक हवे त्याच्या ताटात जात नाही. आजचा पाठ या दोहोंविषयी आहे.

योहानाच्या सहाव्या अध्यायातील मुलाजवळ पाच भाकरी होत्या त्या कशाच्या होत्या, याकडे वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. त्या जवाच्या होत्या. त्या देशात गहू खाऊन जगणारा तो सुखवस्तू, जव खाणारा तो गरीब, असा भेद होता. आपल्याकडे गहू व ज्वारी यांत जो मानतात तसाच. प्रभूने त्या भाकरी हाती घेऊन उपकारस्तुती केली व त्याच लोकसमुदायास वाढल्या. तेव्हा पाहुण्यापुढे भाकर ठेवण्यास संकोच वाटावा, असे कारण निदान आमच्या पंथाच्या माणसास तरी नाही.

दानीएलाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. बाबेलच्या राजवाड्यातील मिष्टान्न व द्राक्षारस नाकारून त्याने व त्याच्या तीन मित्रांनी दहा दिवस शाकान्न व पाणी घेण्याची परवानगी मागितली, आणि दहा दिवसांनी त्यांची मुद्रा इतरांहून टवटवीत दिसली. मूळ इब्री भाषेतील शब्दाचा अर्थ 'जे पेरले जाते त्यापासून झालेले' असा आहे. म्हणजे त्यात केवळ पालाच नव्हे, तर धान्य व कडधान्यही येऊ शकते. येथे उपदेशकांनी सांभाळून बोलावे. दानीएलाने ते अन्न नाकारले ते विटाळ होऊ नये म्हणून. आरोग्याचा नियम घालून देण्यासाठी नव्हे. दहाव्या अध्यायात तो सांगतो की शोकाच्या तीन आठवड्यांत आपण मांस व द्राक्षारस घेतला नाही. यावरून इतर वेळी घेत असावा हे उघड आहे. म्हणून मांस, मासे वा अंडे खाणाऱ्यास या अध्यायावरून दोष लावू नये. ज्याला परवडते त्याने मुलांस अंडे अवश्य द्यावे. आपण एवढेच घ्यावे की साध्या, पेरलेल्या अन्नात माणसाला धष्टपुष्ट ठेवण्याचे सामर्थ्य देवाने घातले आहे.

हे सामर्थ्य कोठे असते, याचा एक शोध आपल्या महाराष्ट्रातच लागला. इ.स. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. तेथील गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत व पुष्कळशा दगावत. बाईंनी रोगजंतूंचा शोध केला, तो व्यर्थ गेला. मग त्या स्त्रिया काय खातात हे पाहिले. यीस्टचा, म्हणजे किण्वाचा, अर्क दिला असता हा पांडुरोग बरा होतो, हे त्यांनी इ.स. १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे इ.स. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. पानाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याला फोलिक अॅसिड हे नाव पडले. आज सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीस ज्या गोळ्या देतात त्यांत लोहाबरोबर हेच द्रव्य असते. त्या गोळ्या टाकून देणे हा अपराध समजावा. परंतु तेच द्रव्य हिरव्या पाल्यात व डाळींत आहे, आणि तो पाला आपल्या बांधावर फुकट उगवतो.

चवळई, आंबटचुका, घोळ, चिवळ, पावसाळ्याच्या तोंडी येणारा कोवळा तरोटा, परसातला मुंगना! यांपैकी कित्येक भाज्यांस 'दुष्काळातला पाला' म्हणून नाक मुरडले जाते. मुंगन्याच्या शेंगा आमटीत पडतात, पण पाने मात्र बकरीपुढे जातात. वास्तविक शेंगेपेक्षा पानातच डोळ्यांस हितकर असे जीवनसत्त्व व हाडांस लागणारा चुना अधिक असतो. पाला फार वेळ शिजवू नये, व शिजविलेले पाणी ओतून देऊ नये, कारण ते द्रव्य उष्णतेने नासते व पाण्याबरोबर वाहून जाते. वऱ्हाडात अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालण्याची जी जुनी चाल आहे, ती फार शहाणपणाची आहे. धान्य, डाळ, पाला व आंबटपणा एकाच भांड्यात!

आंबटपणाचे महत्त्व असे की पाल्यातील व धान्यातील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असला म्हणजे ते अधिक शोषले जाते. आवळ्यात हे सी जीवनसत्त्व संत्र्याहून कित्येक पट असते. लिंबू पिळावयाचे ते भांडे चुलीवरून उतरविल्यावर. मटकी व मूग यांस मोड आणल्यासही लोह मिळण्यास साहाय्य होते. आणि चहा नेमके याच्या उलट करतो. जेवणाबरोबर किंवा जेवताच घेतलेला चहा अन्नातील लोह अडवून धरतो. इ.स. २०१९–२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे चौपन्न जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. चहाच केवळ याचे कारण आहे असे आमचे म्हणणे नाही, पण भाकरीच्या जागी चहापाव खाणाऱ्या त्या सुनेस आम्ही विसरू शकत नाही. चहा घ्यावयाचा तर जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

आता भाकरीविषयी. ज्वारीत चोथा पुष्कळ असतो, त्यामुळे पोट साफ राहते. मधुमेहाच्या रोग्यासही पांढऱ्या भाताहून भाकर बरी. संयुक्त राष्ट्रांनी इ.स. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि शहरांतील श्रीमंत लोक आता भाकरी मोठ्या हौसेने मागवून खातात. खेड्यातले मात्र ती सोडीत आहेत, व ज्वारीचे रान सोयाबीनखाली गेले आहे. तरीपण ज्वारीची फाजील स्तुतीही आम्ही करणार नाही. इ.स. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या डॉ. गोपालन यांनी दाखविले की दख्खनच्या पठारावर जे केवळ ज्वारीवर जगत त्यांस पेलाग्रा नावाचा रोग होई : उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलत असे, हगवण लागे, बुद्धीला भ्रम होई. डाळ, शेंगदाणे, दूध यांची जोड मिळाली की हे भय राहत नाही. आपल्या पूर्वजांनी ज्वारी व उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी केली, तिचे मर्म हेच. यहेज्केलाच्या चौथ्या अध्यायातही गहू, जव, कडधान्ये यांची मिसळ केलेली भाकर आहे, पण ती वेढ्यात सापडलेल्या नगरीच्या उपासमारीची खूण होती. ती आरोग्याची भाकर म्हणून सांगणाऱ्यांनी अध्याय पुरा वाचावा.

जवस व तीळ यांचेही दोन शब्द. तिळात चुना विपुल आहे. जवसाच्या तेलात हृदयास हितकर अशी चरबी आहे, परंतु जवस अख्खा खाल्ला तर न पचता तसाच बाहेर पडतो. म्हणून भाजून कुटून त्याची चटणी करतात तेच योग्य. मात्र चटणी, लोणचे, पापड यांतील मिठाकडे दृष्टी असावी. पूर्णेच्या खोऱ्यात अनेक गावी विहिरींचे पाणीच खारट आहे. मोठ्या माणसास दिवसाकाठी सर्व मिळून ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, मिठाहून अधिक नको असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या रोग्याने तर वरून मीठ घेऊच नये.

एकाच धान्यावर सर्व भार टाकल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. इ.स. २०२४ संपता संपता व २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावी लहानथोरांचे केस अकस्मात झडू लागले व थोड्या दिवसांत टक्कल पडू लागले. लोक घाबरले, कोणी पाण्याला दोष दिला, कोणी साबणाला, कोणी शापाला. विंचूदंशावरील उपचाराबद्दल प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन तपास केला. शिधावाटपाच्या गव्हात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य फार अधिक आहे आणि रोग्यांच्या अंगी जस्त कमी आहे, असा निष्कर्ष त्यांनी जाहीर केला. सेलेनियम शरीरास लागते, पण अत्यल्प. अधिक झाले तर केस व नखे गळतात. गहू वाईट आहे असा याचा अर्थ कोणी करू नये. पण जे घर बारा महिने एकाच पोत्यातून जेवते त्याच्या वाट्यास त्या पोत्यातले गुणदोष संपूर्ण येतात. ताटात चार शेतांचे अन्न असावे ते याचसाठी.

क्षयरोगाविषयी सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा व्हावयाचा नाही, कारण आमच्या मंडळ्यांत असे घर नाही की ज्याने हा रोग जवळून पाहिला नाही. झारखंडात इ.स. २०१९ ते २०२२ पर्यंत क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांवर एक प्रयोग झाला. काही घरांत रोग्याबरोबरच घरच्या इतर माणसांसही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. इतर घरांत शिधा केवळ रोग्यास दिला. इ.स. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की ज्या घरी सर्वांस शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. तांदूळ आणि डाळ! औषध सोडून डाळ खावी असे नव्हे. रोग्याने सहा महिन्यांची औषधे एकही दिवस न चुकविता घ्यावीत, व प्रार्थना केली म्हणून गोळी बंद करण्यास सांगणारा उपदेशक देवाची सेवा करीत नाही. पण रोग्याच्या उशाशी बसून प्रार्थना करून उठताना त्या घरातील डाळीचा डबा रिकामा आहे की काय, हेही पाहावे.

शेवटी ताटाचा प्रश्न उरतो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य इ.स. १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे आले (त्या जिल्ह्यास आता अहिल्यानगर म्हणतात). दवाखाना काढावा म्हणून आले, पण गावकऱ्यांची पहिली मागणी अन्न व पाणी हीच आहे असे त्यांस कळून आले. मग त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर व दलित, स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून शिकविले, आणि त्या स्त्रियांनी इतर आयांस शिकविले. हे काम डॉक्टरावाचून पुष्कळसे होते, असे त्यांनी दाखवून दिले. मग ते आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षिकेकडून का होऊ नये?

घरात पुरुष आधी, मग मुलगे, मग मुली, आणि भांडे खरवडून आई, ही रीत आपण ख्रिस्ती झाल्यावर मागे टाकावयास हवी होती; ती आपल्याबरोबर मंडळीत आली आहे. पाळक व उपदेशक तिला हातभार लावतात, कारण पाहुणे म्हणून पहिले पान त्यांचेच. आम्ही आता असा नेम केला आहे की कोणाच्या घरी जेवावयाचे तर घरच्या सर्व माणसांबरोबर एका पंगतीत, नाही तर केवळ पाणी घ्यावे. काही घरी यामुळे रुसवा झाला. आजींच्या घरी दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा सून बसावयास तयार होईना. आजींनीच तिला हात धरून बसविले व भाजी आधी तिच्या ताटात वाढली.

पुढील शब्बाथी वर्गात उपदेशकांनी हे प्रश्न विचारावेत, व उत्तरे स्त्रियांकडून आधी घ्यावीत. दानीएलाने दहा दिवस मागितले. आपल्या घरी दहा दिवस रोज एक पालेभाजी करता येईल काय, व ती कोणत्या बांधावरून आणावी? या आठवड्यात घरी किती प्रकारचे धान्य व डाळ शिजली? चहा केव्हा घेतला? आणि काल रात्री सर्वांत शेवटी कोण जेवले, व त्याच्यासाठी काय उरले होते?