लोकल रंगवायला घेतलीस ना? मग ऐक

अगं, रंगाची बाटली ठेव खाली. आधी सांग, ही गाडी कुठली? आणि ‘मुंबईची लोकल’ असं मोघम उत्तर देऊ नकोस हं. लोकल तर १९२५ पासून विजेवर धावतेय. आपण क्लासला जायचो ती पिवळी-तपकिरी, २००७ मध्ये आली ती सीमेन्सची पांढरी-जांभळी, २०१७ च्या नाताळात सुरू झालेल्या एसी लोकलची तर दारंसुद्धा बंद होतात. एक गाडी धर, एक काळ धर. तेवढं ठरलं की रंगापासून धुळीपर्यंत पुढचं सगळं तीच ठरवते.

तू पिवळी-तपकिरीच करणार, माहितीये मला. मग छताकडेही बघ. १५०० व्होल्ट डीसीच्या गाडीचे इन्सुलेटर लहान असतात, २५ हजार व्होल्ट एसीला मोठे लागतात. मोठे बसवलेस की वर्ष बदललं. आणि बाराच्या बारा डब्यांचा हट्ट सोड बाई! १:८७ च्या मापात एक डबा साधारण २४ सेंटिमीटरचा, म्हणजे पूर्ण गाडी जवळजवळ तीन मीटर. ठेवशील कुठे? तीन डब्यांचं एक युनिट पुष्कळ झालं. रुंदीत मात्र कसर नको. आपली लोकल ३.६६ मीटर रुंद, मॉडेलमध्ये ४२ मिलिमीटर. परदेशी डब्यावर आपला रंग चढवला की तो कितीही सुबक असो, शेलाटाच दिसतो. तू थ्रीडी प्रिंट करून घेतलास ते बरंच केलंस.

त्या प्रिंटच्या बारीक रेघा तेवढ्या पाण्याखाली पॉलिश पेपरने घासून काढ. मग भांड्यांच्या साबणाने धू, वाळव, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नकोस. प्रायमर पांढरा घे. करड्यावर पिवळा रंग मळकट येतो, आणि मग थरावर थर देत बसावं लागतं. आधी पिवळा, तो नीट सुकल्यावर टेप लावून तपकिरी. टेपच्या कडेवर पहिला हात पुन्हा पिवळ्याचाच फिरव. फटीत शिरायचा तो पिवळाच शिरतो, तपकिरीला जागा उरत नाही. मूळ रंगापेक्षा दोन्ही रंग जरा फिके ठेव, लहान वस्तूवर तोच रंग गडद वाटतो.

आणि एक, क्लिअर लॅकरचा स्प्रे जुलैत मारायचा नाही. आपल्या दमट हवेत थर सुकता सुकता त्यात ओल अडकते आणि सगळा डबा दुधाळ होतो. एक तर कोरडा दिवस गाठ, नाहीतर दिवाळीपर्यंत थांब.

आता डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून डब्यावर सरकवायची छापील अक्षरं आणि चिन्हं. इथे घाई करशील तर रडशील. मॅट रंगावर डेकल लावलंस की खाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी चकाकतं. म्हणून आधी ग्लॉसचा थर, मग डेकल, आणि सगळ्यात शेवटी मॅट. घरच्या इंकजेटवर काढणार असशील तर छापलेल्या कागदावर क्लिअरचे पातळ हात दे, नाहीतर शाई पाण्यातच उतरेल. दुसरी गोम अशी की प्रिंटरकडे पांढरी शाई नसते. पारदर्शक कागदावर छापलेला पिवळा तपकिरी रंगावर गेला की नाहीसाच होतो. म्हणून फर्स्ट क्लासच्या लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांसाठी तेवढा चौकोन डब्यावर पिवळाच रंगव आणि वर फक्त लाल रेघांचं डेकल लाव.

अक्षरांचं गणित वेगळंच. खरी दहा सेंटिमीटरची अक्षरं मॉडेलवर जेमतेम १.१५ मिलिमीटर होतात. ३०० डीपीआयवर उंचीला तेरा-चौदा ठिपके मिळतात, त्यात ‘श्रेणी’ची शिरोरेखा, मात्रा, वेलांटी सगळं बसवायचं! सहाशेच्या खाली छापूच नकोस, आणि टाइप सरळ, सारख्या जाडीचा निवड. महिला डब्यावरच्या पदर घेतलेल्या बाईचा चेहरा तर एवढ्यात येणारच नाही. नुसती आकृती ठेव, लांबून ओळखू येते.

लावताना कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडव आणि टिश्यूवर काढून ठेव. आपसूक सरकायला लागलं की ब्रशनेच डब्यावर ने, बोटाने नाही. जागेवर बसलं की सॉफ्टनर लाव. बघता बघता ते असं चुरगळेल की तुझ्या पोटात गोळा येईल. हात लावायचा नाही! सुकताना ते स्वतःच ताणून बसतं, रिव्हेटच्या डोक्यांवरसुद्धा. खुशाल झोपायला जा.

मळवायचं किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला चाकांजवळ ब्रेकच्या धुळीचा गंजकट तपकिरी पुरतो. डब्यावर सगळीकडे काळं फासलेली मॉडेलं मला आवडत नाहीत. आपल्या गाड्या कळकट असतात, जळालेल्या नसतात.

समोरच्या इंडिकेटरवर काय लिहायचं तेही आत्ताच ठरव. मध्य रेल्वेची गाडी असेल तर कर्जतला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’. स्टेशनाच्या नावातलं पहिलं अक्षर घ्यायला जाशील आणि डोंबिवलीचा पहिलाच पाहुणा हसेल.