घर घ्यावे पारखून

'घर पाहावे बांधून' अशी आपल्यात म्हण आहे. तयार घर घेतानाही तितकेच पाहावे लागते.

भाऊ मुंबईत नोकरीला होते. ते निवृत्त झाले आणि फंडाचे पैसे हाती आले. अलिबागला समुद्राजवळ एक घर विकाऊ होते. भाऊ आणि वहिनी एका मंगळवारी ते पाहून आले. शांत वाळू, गार वारा, समोर कुलाबा किल्ला! भाऊ म्हणाले, "उद्याच बयाणा देऊन टाकू." वहिनी म्हणाल्या, "अहो, जन्माची पुंजी आहे. आधी गुरुजींना विचारा."

गुरुजी म्हणाले, "भाऊ, मंगळवार पाहिलात, आता शनिवार पाहा. रात्री तिथेच मुक्काम करा."

दोघे शनिवारी गेले. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी रस्ता फुलला होता. घोडागाड्या, भेळेच्या गाड्या, मोटारींचे भोंगे! भाऊंना मौज वाटली. "माणसांची जाग आहे, एकटे वाटणार नाही," ते म्हणाले. वहिनींचा मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दोघे परत गुरुजींकडे आले. गुरुजी म्हणाले, "दोघांचेही खरे आहे. पण आणखी चार गोष्टी पाहा.

"पहिली गोष्ट पाण्याची. ओहोटीला लोक किल्ल्यापर्यंत चालत जातात. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते. पावसाळ्यात पाणी कुठवर येते, ते शेजाऱ्यांना विचारा. विहिरीचे पाणी चाखून पाहा, खारे असू शकते.

"दुसरी वाऱ्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. छपरे उडाली, विजेचे खांब पडले. या घराचे तेव्हा काय झाले, ते विचारा. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, म्हणून गज आणि स्लॅब नीट पाहा.

"तिसरी कागदांची. भरतीरेषेजवळ बांधकामाला सरकारी बंधने आहेत. ती १९९१ साली आली, पुढे २०११ आणि २०१९ साली नवे नियम निघाले. बांधकामाची परवानगी नगरपरिषदेत तपासा. जागेचा उतारा वकिलाला दाखवा. तोवर बयाणा देऊ नका.

"चौथी अडीनडीची. अलिबाग जिल्ह्याचे ठिकाण आहे, सरकारी रुग्णालय तिथे आहे. पण रात्री घरापासून तिथे कसे जाल? सुट्टीच्या गर्दीत किती वेळ लागेल? एकदा जाऊन पाहा."

भाऊंनी हे सारे वहीत लिहून घेतले. मग वहिनी म्हणाल्या, "समुद्रावर रोज चालत जाऊ. पण घर आतल्या आळीत पाहू या. तुम्हाला माणसे मिळतील, मला झोप मिळेल."

भाऊ हसले. "बयाणा खिशातच राहिला, हे बरे झाले," ते म्हणाले. पुढच्या शनिवारी दोघे आतल्या आळीत घर पाहायला निघाले.

सांगा पाहू :
१. मंगळवारी आणि शनिवारी काय फरक दिसला?
२. बयाणा देण्याआधी कोणते कागद तपासावेत?
३. तुम्ही भाऊंच्या जागी असता, तर काय केले असते?