मोटारीचा राखणदार

राजुऱ्याचा उन्हाळा कडक. विहिरी तळ गाठतात. मोटार लावून आपण कामाला जातो अन् विसरतो. टाकी भरून वाहते, नाहीतर विहीर आटते. मग मोटार कोरडी फिरते नि जळते. दुरुस्तीला पीक विकलेला पैसा जातो!

यावर फ्लोट स्विच लावू. हा तरंगणारा डबा; त्याच्या पोटात खटका असतो. एक टाकीत सोडू, एक विहिरीत, फूटव्हॉल्व्हच्या हातभर वर. टाकीतला खाली आला की 'चालू' म्हणतो. विहिरीतला पाण्यावर तरंगत असेल तरच 'हो' म्हणतो. दोघांचे खटके एकाच तारेत एकापुढे एक जोडायचे. एकाने नाही म्हटले की मोटार बंद.

मोटारीची वीज मात्र फ्लोटमधून नेऊ नये. फ्लोटने स्टार्टरला फक्त हुकूम द्यावा. पाण्यात वीज उतरली तर जीव जातो. म्हणून आधी मेन स्विच बंद, आणि जोडणी वायरमनच्या हातून.