ज्याला जेवढे हवे तेवढे

मुलांनो, 'आवाज' हा शब्द तुम्ही उर्दूतही वापरता आणि मराठीतही. मूळचा फारसी असलेला हा शब्द दोन्ही भाषांनी आपलासा केला आहे. हाच आवाज मोठा करणारे यंत्र म्हणजे ध्वनिवर्धक. त्यालाच आपण ॲम्प्लिफायर म्हणतो.

ॲम्प्लिफायर घरी तयार करण्याचा छंद अनेकांना असतो. त्याचे सुटे भाग मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळतात. लोक त्याला लॅमिंग्टन रोड म्हणतात. नवी मुंबईतील हौशी मंडळीही खाडी ओलांडून तेथे जातात.

भाग जोडले आणि आवाज आला, तरी काम संपत नाही. पेटीतील गरम हवा बाहेर काढण्यासाठी छोटा पंखा लागतो. स्पीकरचे रक्षण करण्यासाठी रिले लागतो. या दोघांना १२ व्होल्ट दाब हवा असतो. ब्लूटूथच्या पट्टीला ५ व्होल्ट पुरतात. मुख्य मंडलाचा दाब मात्र पुष्कळ जास्त असतो. मग हे छोटे दाब आणायचे कोठून?

समजा, मुख्य रोहित्र २५-०-२५ व्होल्टचे आहे. डायोड आणि धारित्र यांनी प्रत्यावर्ती दाबाचा दिष्ट दाब केला, की तो सुमारे १.४ पट होतो. म्हणजे २५ व्होल्टचे जवळजवळ ३५ व्होल्ट होतात. त्यावर ७८१२ हा रेग्युलेटर बसवून १२ व्होल्ट मिळवावेत, असे प्रथम वाटते. या मालिकेतील शेवटचे दोन अंक दाब सांगतात : ७८१२ म्हणजे १२ व्होल्ट, ७८०५ म्हणजे ५ व्होल्ट.

येथे दोन अडचणी आहेत. पहिली, ७८१२ जास्तीत जास्त ३५ व्होल्टच सहन करतो. घरातील वीज थोडी वाढली, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग रेग्युलेटर जळतो आणि कधी कधी सारा दाब पुढच्या नाजूक भागांवर जातो. दुसरी अडचण उष्णतेची. पंखा आणि रिले मिळून ०.२ अँपिअर प्रवाह घेत असतील, तर उरलेल्या २३ व्होल्टची उष्णता होते : २३ × ०.२ = ४.६ वॉट. उपयोगी पडतात फक्त १२ × ०.२ = २.४ वॉट. जेवढे वापरले त्याच्या जवळजवळ दुप्पट वाया गेले!

यावर उपाय सोपा आहे. १२ व्होल्ट, ०.५ अँपिअरचे छोटे रोहित्र वेगळे बसवावे. त्याचे सुमारे १५.५ व्होल्ट दिष्ट दाब मिळतात. आता वाया जाणारी उष्णता ३.५ × ०.२ = ०.७ वॉट एवढीच. याच दाबावर ७८०५ जोडून ब्लूटूथची सोय होते. पंख्याचा परतीचा प्रवाह मात्र आवाजाच्या नाजूक तारेतून जाऊ देऊ नये. सर्व भूतारा एकाच बिंदूवर जोडाव्यात. नाहीतर स्पीकरमधून गुणगुणाट ऐकू येतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. रोहित्राच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात. ते जीव घेऊ शकतात. तेथे फ्यूज लावावा आणि धातूची पेटी अर्थिंगला जोडावी. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढावा. वीज बंद केल्यावरही धारित्रात काही वेळ विद्युतभार राहतो. म्हणून जाणकार मोठी माणसे जवळ असल्याशिवाय हे काम करू नये.

मोठ्याला मोठा दाब, छोट्याला छोटा. ज्याला जेवढे हवे तेवढेच दिले, तर यंत्र टिकते आणि वीजही वाचते.

शब्दार्थ
रोहित्र – ट्रान्सफॉर्मर
धारित्र – कपॅसिटर, विद्युतभार साठवणारा भाग
प्रत्यावर्ती – दिशा सतत बदलणारा
दिष्ट – एकाच दिशेचा
मंडल – सर्किट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : ७८०५ मधील शेवटचे दोन अंक काय सांगतात?
२. कारण सांगा : छोटे रोहित्र वेगळे बसवावे.
३. ७८०५ ला १५.५ व्होल्ट दिले आणि प्रवाह ०.१ अँपिअर असला, तर किती वॉट उष्णता होईल?
४. उर्दू आणि मराठी दोन्हींत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.