शौच : आठ गुणांपैकी एक

गौतम धर्मसूत्राच्या आठव्या अध्यायात चाळीस संस्कारांची गणना केलेली आहे. गर्भाधानादी संस्कार, उपनयन, वेदव्रते, विवाह, पंचमहायज्ञ आणि सोमयज्ञांसह एकवीस यज्ञ ह्यांचा तीत समावेश होतो. गणना संपताच सूत्रकार आठ आत्मगुण सांगतो : दया, क्षांती, अनसूया, शौच, अनायास, मंगल, अकार्पण्य आणि अस्पृहा. त्यानंतरचा त्याचा निर्णय लक्षणीय आहे. चाळीसही संस्कार झाले, पण हे आठ गुण अंगी नसले, तर मनुष्य ब्रह्मसायुज्याला पोचत नाही; उलट, संस्कार थोडेच घडले असले तरी गुण असतील तर तो पोचतो. विधींच्या ग्रंथाने विधींना दिलेले हे दुय्यम स्थान होय. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनी १९३० ते १९६२ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या पंचखंडात्मक इतिहासग्रंथात ह्या वचनाचे महत्त्व नोंदविले आहे.

ह्या गुणांचे अर्थ पुढील स्मृतिकारांनी विशद केले. परका असो, आप्त असो, मित्र असो वा शत्रू, त्याच्याशी आपल्याप्रमाणेच वागणे ही दया. जवळ थोडे असले तरी त्यातूनच, मन खिन्न न करता, रोज काही देणे हे अकार्पण्य. दुसऱ्याच्या गुणांत दोष न शोधणे ही अनसूया. अनायासाचा अर्थ तर आजच्या वाचकाला काहीसा अनपेक्षित वाटेल : शरीराला पीडा होईल असे कर्म, मग ते शुभ का असेना, अतिरेकाने करू नये. उपासतापासांच्या परंपरेत हे सांगितले जावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तथापि शौचाची व्याख्या वाचताना थबकावे लागते. अभक्ष्याचा त्याग, अनिंद्य लोकांशीच संसर्ग आणि स्वधर्मात स्थिर राहणे, म्हणजे शौच, असे तेथे म्हटले आहे. दया शत्रूलाही वगळीत नाही. शौच मात्र कोणाशी संसर्ग ठेवावा हे ठरवू पाहते. गुणांच्या यादीत आचाराचा, आणि आचाराबरोबर वर्णव्यवस्थेचा प्रवेश होतो तो ह्या दाराने. (मराठी बोलीत तर हा शब्द अखेर एका देहधर्मापुरताच उरला, त्याच्या मूळ अर्थाची व्याप्ती त्यामुळे सहसा ध्यानी येत नाही.)

परंपरेला दुसरा अर्थ ठाऊक नव्हता असे मात्र नाही. योगसूत्रांनी शौचाला नियमांत स्थान दिले. त्यांवरील व्यासभाष्याने त्याचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन भाग केले : माती व पाणी ह्यांनी होणारे ते बाह्य, चित्तातील मळ धुतल्याने होणारे ते आभ्यंतर. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय ह्याहून व्यावहारिक आहे. सर्व शुद्धींत द्रव्यव्यवहारातील शुद्धी श्रेष्ठ. जो पैशाच्या बाबतीत शुद्ध तोच शुद्ध, माती-पाण्याने शुद्ध झालेला नव्हे, असे त्यातील एकशेसहावा श्लोक सांगतो. पण त्याच अध्यायात, अवघे एकवीस श्लोक आधी, चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत ह्यांना एकाच ओळीत बसवून त्यांच्या स्पर्शानंतर स्नान सांगितले आहे. दोन्ही श्लोक एकाच ग्रंथाचे आहेत, आणि एक उद्धृत करून दुसरा झाकणे हा अभ्यास नव्हे.

समाजाने ह्यांपैकी कोणता श्लोक आचरला, ह्याचे उत्तर महाडच्या चवदार तळ्याने दिले. हे तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्यांच्या अनुयायांना मारहाण झाली. त्यानंतर तळ्यातून एकशेआठ घागरी पाणी उपसून, पंचगव्य टाकून, मंत्रोच्चारांत तळे शुद्ध करण्यात आले. परिषदेहून परतणाऱ्यांना मारणाऱ्यांच्या शुद्धीचा विधी कोणी सुचविला नाही. क्षांती आणि दया ह्यांचा भंग झाला होता, परंतु त्यासाठी घागरी लागल्या नाहीत.

त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. तळ्यावर जाण्यास तेव्हा न्यायालयाची तात्पुरती मनाई होती. तो दावा पुढे दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले.